माझ्या पोटाला रंग लावू नका

मी एक जुनी, हातभर लांबीची बोट आहे आणि मी रागावलेली आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला वाईट वाटायला नको.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू तुम्हांला आपली कहाणी सांगतात तेव्हा त्या बहुधा रडतात. मोडकी छत्री रडते, बंद पडलेलं घड्याळ रडतं. आम्हांला आता कुणी विचारत नाही, असं त्यांचं दुखणं असतं. माझं दुखणं उलटं आहे. मला सगळ्या गावाने विचारलं. हार घातले, काचेच्या पेटीत बसवलं, हळद-कुंकू लावलं. आणि एवढं सगळं केल्यामुळेच पियुष नावाचा मुलगा आमच्या तलावात मरता मरता राहिला. त्या दिवसापासून माझा राग उतरलेला नाही. तो का उतरत नाही ते ऐका.

यवतमाळकडच्या नेरहून एक रस्ता आत येतो. कपाशी आणि तुरीच्या शेतांमधून वळणं घेत तो आमच्या गावाला लागतो. गावाच्या कडेला तलाव आहे, आणि तलावाच्या वाटेवर देवरावांचं दुकान. विहिरीवरची मोटार जळली की लोक ती देवरावांकडे आणतात आणि देवराव तिला नवी तार गुंडाळून देतात. त्या दुकानात, तांब्याच्या तारांच्या ढिगात माझा जन्म झाला. पण मला जन्म दिला तो देवरावांच्या मुलीने, पायलने. ती अमरावतीला शिकायला होती. तिथे तिने पाण्यावर पळणाऱ्या लहान बोटींच्या शर्यती पाहिल्या, आणि ते वेड घेऊन ती घरी आली.

मी तुमच्या चित्रातल्या बोटीसारखी दिसत नाही. मला एक नाही, दोन पोटं आहेत. दोन लांब, चपटी पोटं, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. त्यांच्या मधे वरून झाकलेला बोगदा आहे. मी जोरात पळू लागले की या बोगद्यात वारा शिरतो आणि मला खालून उचलतो. मग माझी पोटं पाण्यात बसत नाहीत, नुसती पाण्याला टेकतात. मागे लावलेल्या मोटारीचा पंखा तेवढा पाण्यात राहतो. म्हणून मी पळते तेव्हा पाणी फाडत नाही. पाण्यावरून घसरत जाते.

देवरावांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते हसले होते.

"काय व पायल, दोन चपला जोडल्यासारखी दिसून राह्यली हे."

"दिसू द्या ना बाबा. पळाली का मंग बोला."

पण मी पळाले नाही. पहिल्या दिवशी मी बेडकासारख्या उड्या मारल्या. दुसऱ्यांदा सोडली तेव्हा नाक वर करून उलटीच झाले. सरळ जाणं ही सोपी गोष्ट नाही, मित्रांनो. वाकडं कुणालाही जाता येतं. सरळ जायला एकेक गोष्ट जुळवावी लागते आणि ती जुळवायला पायलला अख्खा उन्हाळा लागला.

आधी तिने माझी पोटं सपाट केली. खिडकीची काच आडवी ठेवून तिच्यावर पॉलिशपेपर पसरायचा आणि मला त्यावर पुढे-मागे घासायचं. मग पोटाला लोखंडी पट्टी लावून उजेडाकडे धरायचं. पट्टीखालून उजेड दिसला की पुन्हा घासायचं. सगळ्यांत जास्त जीव तिने लावला तो माझ्या पोटांच्या मागच्या कडेला. ती कड इळ्याच्या पात्यासारखी धारदार हवी. पाणी तिथून कापल्यासारखं सुटलं पाहिजे. कड गोल असली तर पाणी सुटत नाही. ते कडेला चिकटून मागून वर चढतं आणि पोटाला खाली ओढतं. एका पोटाची कड धारदार आणि दुसऱ्याची गोल असली तर काय होईल? एक बाजू ओढली जाईल आणि मी त्या बाजूला वळेन. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग मोटार किती वर ठेवायची ते आलं. खाली ठेवली तर पाण्यात ओझं, फार वर ठेवली तर पंखा पाणी सोडून वारा खातो. मग बॅटरी कुठे ठेवायची ते. पुढे ठेवली तर नाक पाण्यात, मागे ठेवली तर नाक आभाळात. पंखा एका बाजूला फिरतो म्हणून बोटही थोडी एका बाजूला ओढते. त्यासाठी पायलने मोटारीच्या पट्टीखाली पातळ वायसर, म्हणजे लोखंडी चकती, घातला. आणि तिचा एक नियम होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग पाण्यात सोडून पाहायची.

देवरावांना तेवढा धीर नव्हता. एकदा ती जेवायला गेली आणि इकडे त्यांनी दोन्ही हात चालवले. संध्याकाळी मी पाण्यात अशी उधळले की काठावरच्या म्हशी उठून पळाल्या.

"बाबा, तुम्ही मोटारही वर केली अन् बॅटरीही मांगं सरकवली?"

"मंग? पळाली ना पण!"

"पळाली, पण कशानं पळाली? आता कसं समजन मले?"

"तुले समजून काय करायचं हाये? पळाल्याशी मतलब!"

ती त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही. मला तेव्हा देवरावांची गंमत वाटली होती. आता वाटत नाही. 'पळाल्याशी मतलब' म्हणणारी माणसं मी नंतर फार पाहिली.

एकदा तलावाच्या मधोमध माझी बॅटरी संपली. पायलला पोहता येत नव्हतं. मी तिथेच तरंगत राहिले आणि वाऱ्याने काठाला लावलं तेव्हा घरी गेले. तेव्हापासून देवरावांनी माझ्या शेपटीला एक बारीक, पाण्यावर तरंगणारी दोरी बांधली. मासेमारीच्या जाळ्याला लावतात तशी. बारीक असली तरी ती माणसाच्या ओढीने तुटत नाही. काठावर ती घमेल्यात गोल गोल सोडून ठेवायची, म्हणजे मी पळताना ती न अडकता सुटत जाते. मला तिचा संताप यायचा. एवढी धार लावून, एवढं तोलून शेवटी बकरीसारखं दाव्याला बांधलं! पण पायलने ती दोरी शेपटीच्या बरोबर मधे बांधली आणि बॅटरी थोडी सरकवून मला तिच्यासकट सरळ पळायला शिकवलं.

आणि त्या दाव्यानेच एक जीव वाचला.

तो पोळ्याचा दिवस होता. सकाळी गावातले सगळे बैल तलावावर धुवायला आले होते. पायल काठाच्या एका टोकाला मला सोडून पाहत होती, देवराव दोरीच्या घमेल्यापाशी बसले होते. पलीकडे मारोतरावांचा मोठा मुलगा कपिल आपली जोडी घेऊन पाण्यात उतरला होता.

"काय व पायल, चप्पल धुवून राह्यली काय?" तो ओरडला.

"धुवून नाई, पळवून राह्यली. तुह्या बैलाहून जोरात पळते."

"लाव मंग शर्यत!"

"बैलाले इचार आंधी. तुले त पोहताही येत नाई."

आजूबाजूचे हसले. कपिलही हसला आणि बैलाच्या पाठीवर पाणी उडवत आणखी दोन पावलं आत गेला. तिथे खड्डा होता.

हा खड्डा तळ्याचा नव्हता. उन्हाळ्यात पाणी आटलं तेव्हा रस्त्याच्या कामासाठी ठेकेदाराने यंत्र लावून इथून मुरूम नेला आणि काठाजवळच घराएवढे खोल खड्डे करून ठेवले. पावसाने तलाव भरला तसे ते दिसेनासे झाले. आधी जिथे कंबरभर पाणी होतं तिथे आता माणूस बुडतो. सगळ्या गावाला हे माहीत होतं. कुणी काठीसुद्धा रोवून ठेवली नव्हती.

बैल पोहून निघाला. कपिल निघाला नाही. त्याचे हात वर आले, मग डोकं, मग पुन्हा नुसते हात. लोक ओरडले, पण आत कोण जाणार? पायलने आरडाओरडा केला नाही. तिने हातातल्या रिमोटने मला फिरवलं, नाक त्याच्याकडे केलं आणि पूर्ण जोर दिला.

मित्रांनो, त्या दिवशी मी जशी पळाले तशी पुन्हा कधी पळाले नाही. एका रेघेत गेले. कपिलच्या खांद्याला घासून पलीकडे निघाले आणि माझ्यामागून येणारी दोरी त्याच्या छातीवर पडली. बुडणारा काहीही धरतो. त्याने ती धरली. देवरावांनी आणि बाकीच्यांनी काठावरून ओढलं आणि तो चिखलात तोंड घालून बाहेर आला. बघता बघता झालं. मी थोडीशी जरी डावी-उजवी गेले असते तर ती दोरी त्याला मिळाली नसती. सरळ जाणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

इथपर्यंत माझी कहाणी चांगली आहे. आता राग सुरू होतो.

कपिलची आई, बेबीताई, धावत आली आणि तिने पायलला छातीशी धरलं. मारोतराव देवीच्या मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी गावासमोर पायलला शाल दिली, नारळ दिला आणि मलाही हार घातला. मला फूल टोचलं, पण मी चालवून घेतलं. मग ते म्हणाले, "ही बोट आता गावाची हाये. तलावावरच राह्यली पाह्यजे. कोणाचं पोट्टं पडलं त कामी येइन." बोलणं बरोबर होतं. पायलने मला दिलं. तिला यवतमाळला नोकरी लागली होती, ती फक्त रविवारी गावात यायची. देताना तिने सगळ्यांसमोर सांगितलं, "महिन्यातून एक डाव हिले पाण्यात सोडा. पोटाले हात लावू नका, पुसाचं तेवढं. मागची धार सांभाळा." दोरी, घमेलं आणि रिमोट कसा चालवायचा, हे तिने कपिलला नीट शिकवलं. कपिलनेही मन लावून शिकून घेतलं.

तलावाच्या काठावर मंडळाची खोली आहे. तिथे मारोतरावांनी माझ्यासाठी काचेची पेटी करून घेतली. आत लाल मखमल, वर दिवा, बाहेर कुलूप. कुलूप! जी वस्तू माणूस बुडताना लागणार तिला कुलूप! पायल रविवारी यायची आणि किल्ली मागायची.

"किल्ली बेबीपाशी असन," मारोतराव म्हणायचे.

"माह्यापाशी कायले? तुमच्याच खिशात होती ना," बेबीताई म्हणायची.

"पायल, येवढी कायची घाई करतं? बोट काय पळून चालली काय?"

नाही, मी पळून चालले नव्हते. तेच तर दुखणं होतं. महिने गेले, मी एकदाही पाण्यात उतरले नाही. पाहुणा आला की त्याला मला दाखवायचे. लहान मुलांना माझ्यासमोर हात जोडायला लावायचे. मी लाकडाची आहे, मित्रांनो. आतून तडकू लागले होते. पंख्याच्या दांड्यावर गंज धरला होता. हात जोडणाऱ्यांपैकी एकालाही तो दिसला नाही, कारण डोळे मिटून नमस्कार करत होते.

मग दुसऱ्या वर्षीचा दसरा आला. आमच्या गावात देवी दसऱ्यालाच शिरवतात, म्हणजे तलावात विसर्जन करतात. आणि दसऱ्याला देवराव आणि पायल गावात नसतात. दरवर्षी ते नागपूरला दीक्षाभूमीवर जातात. निघण्याआधी पायलने कपिलला फोन केला.

"बॅटरी भरून ठेवजो बरं. अन् एक डाव पाण्यात सोडून पाहजो."

"हो ना व. तू जाय बिनधास्त. अशी मस्त केली हाये तिले, का तू पाहतच राहशीन."

मस्त केली म्हणजे काय केली, ते तिने विचारलं नाही. तिला गाडी धरायची होती.

काय केलं होतं ते मी सांगते. आदल्या दिवशी खांडेनवमी होती. त्या दिवशी आपल्याकडे अवजारांची पूजा होते, हे तुम्हांला माहीत आहे. नांगर, वखर, इळा, कुऱ्हाड, मोटारसायकल, सगळं धुऊन पाटावर मांडतात. कपिलला वाटलं, ज्या बोटीने आपला जीव वाचवला ती पूजेत जुनाट कशी दिसेल? दाराला लावून उरलेला तांबडा ऑइल पेंट होता. त्याने मला वरून रंगवलं. नंतर उलटी करून पोटंही रंगवली. दोन-दोन हात मारले. आणि वाळायला मला शेपटीवर उभं केलं, भिंतीला टेकून.

आता ओला रंग कुठे जाणार? खाली. तो माझ्या पोटांवरून ओघळला आणि मागच्या धारेवर थेंब थेंब साचून तिथेच वाळला. डावीकडे जास्त. अख्खा उन्हाळा घासून केलेली धार एका दुपारीत गेली. कड गोल झाली, वाटाण्याच्या शेंगेसारखी. कपिलच्या मनात काही खोट नव्हती. त्याचे डोळे भरून आले होते रंगवताना. म्हणूनच मला जास्त राग येतो. वाईट माणसावर राग काढता येतो. प्रेमाने धार घालवणाऱ्याचं काय करायचं?

त्यावर बेबीताईने हळद-कुंकवाचे पट्टे ओढले. नाकाला झेंडूचा हार. मंडळाच्या खोलीत, पाटावर इळ्याच्या शेजारी मला ठेवलं. आणि पूजेतलं अवजार दसरा होईपर्यंत उचलत नाहीत, म्हणून कपिलने मला पाण्यात सोडून पाहिलं नाही. बॅटरी मात्र त्याने भरून ठेवली होती. तेवढं पायलचं ऐकलं.

दसऱ्याच्या संध्याकाळी ढोल वाजत देवी काठावर आली. पाण्यात उतरणाऱ्यांमध्ये कपिलचा धाकटा भाऊ पियुष होता. मागच्या वर्षीच्याच खड्ड्याकडे तो मागे मागे सरकत गेला. देवीकडे तोंड होतं त्याचं, पाण्याकडे पाठ. आणि तो गेला.

"पियुष! अबे पियुष पडला!"

कपिल खोलीत धावत आला आणि त्याने मला उचललं. दारात मारोतराव आडवे झाले. बाहेर काय झालं ते त्यांना ढोलाच्या आवाजात कळलंच नव्हतं.

"अबे थांब! पूजेतलं कायले उचलून राह्यला?"

"बाबा, पियुष!"

बेबीताई मागून किंचाळली, "सोडा ना त्याले! माह्यं लेकरू बुडून राह्यलं अन् तुम्ही पूजा घेऊन बसले!"

मारोतराव भिंतीला टेकले. कपिलने पळता पळता हार तोडला, बॅटरी लावली, दोरीचं घमेलं टेकवलं आणि मला पाण्यात ठेवून जोर दिला. त्याने नाक बरोबर पियुषकडे केलं होतं. त्याची चूक त्या क्षणी काहीच नव्हती. चूक आदल्या दिवशीच वाळून घट्ट झाली होती.

मी निघाले. आणि मला कळलं, मी सरळ जात नाही. डाव्या कडेवरून पाणी सुटत नव्हतं. ते चिकटून चढत होतं, डावं पोट खाली ओढत होतं. मला ओरडायचं होतं, पण मला तोंड कुठे आहे? पियुषचे हात उजवीकडे दिसत होते आणि मी डावीकडे वळत होते. कपिलने रिमोटने मला उजवीकडे ओढलं. त्या वेगात मला असं ओढलेलं चालत नाही. माझं एक पोट वर गेलं, बोगद्यात वारा भरला आणि मी आभाळ पाहिलं. मग पाणी. उलटी होऊन मी काठाच्या बेशरमाच्या झुडपात जाऊन पडले. दोरी पियुषपासून दूर, पाण्यावर नुसती पसरली होती.

पियुष वाचला, मित्रांनो. घाबरू नका. देवीच्या मखराला केळीचे खांब लावले होते, ते पाण्यात सोडलेले होते. त्यांतला एक वाहत त्याच्या हाताशी आला आणि त्याने मिठी मारली. मग कुणीतरी ट्रॅक्टरची ट्यूब घेऊन आत गेला आणि त्याला घेऊन आला. तो उताणा पडला, ओकला, मग रडला. बेबीताई त्याच्या अंगावर पडून राहिली.

लोक म्हणाले, देवीने वाचवलं. वाचवलं असेल. मी देवीशी भांडत नाही. पण मी वाचवलं नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. आणि तरीही त्या लोकांनी मला झुडपातून काढलं, चिखल पुसला, नवीन कुंकू लावलं आणि पुन्हा काचेत नेऊन ठेवलं! "बोटही बिचारी धावली होती," असं म्हणाले. कुणीही मला उलटी करून पाहिलं नाही. कुणीही विचारलं नाही, की मागच्या वर्षी सरळ गेलेली बोट यंदा वाकडी का गेली? सगळे घरी जाऊन सोनं वाटू लागले. मी काचेत बसून जळत होते.

दुसऱ्या दिवशी बातमी ऐकून पायल आली. तिने किल्ली मागितली नाही. खोलीतला पाट उचलून तिने काच फोडली. आवाज ऐकून मारोतराव, कपिल, बेबीताई सगळे धावत आले. ती मला उलटी धरून उभी होती.

"हे कोणं केलं?"

कपिल पुढे आला. "मी केलं. चांगली दिसाले पाह्यजे म्हून..."

"कोणाले दिसाले पाह्यजे? पाण्याले?"

मारोतराव चिडले. "काच फोडली थे फोडली, वरून पोराले बोलतं? पूजा केली त्यानं. तुमच्यात नसन करत, आमच्यात करतात."

पायल बेबीताईकडे वळली. "काकू, तुम्ही इळ्याची पूजा केली ना परवा? धारेले रंग लावला काय त्याच्या?"

"इळ्याले कोण रंग लावन व? धार नाई जाणार काय त्याची?"

"मंग काय केलं?"

"धुतला, घासला, धार काढली. मंग मुठीले कुंकू लावलं."

पायलने माझी मागची कड तिच्यापुढे धरली. बेबीताईला आधी समजलं नाही. मग तिने आपला अंगठा धारेवरून फिरवला, जसा ती शेतात जाण्याआधी इळ्यावरून फिरवते. अंगठा त्या रंगाच्या थेंबावर अडला. ती तिथेच थांबली. परत फिरवला. परत अडला.

"हे इथं..." ती म्हणाली. "हे माह्या पियुषच्या..."

कपिल खाली फरशीवर बसला.

रंग काढायला किती दिवस लागले ते विचारू नका. पायल रविवारी येऊन काचेच्या तुकड्याने खरवडायची. बाकीचे दिवस कपिल खिडकीची काच मांडून मला पॉलिशपेपरवर घासायचा, लोखंडी पट्टी लावून उजेडाकडे धरायचा. तो आता तिच्याशी थट्टा करत नाही. ती त्याला रागावत नाही. एकदा त्याने विचारलं, "झाली काय धार?" ती म्हणाली, "तुह्या आईले इचार." तेव्हापासून शेवटचा शब्द बेबीताईचा. तिचा अंगठा सरकन गेला नाही तर मी पाण्यात उतरत नाही, परत काचेवर घासायला जाते.

तरी माझा राग गेलेला नाही. आज मी काचेत नाही. काठावर एका बाजेवर, उन्हापावसापासून झाकून, पण कुलपाशिवाय असते. दर महिन्याला पाण्यात उतरते. मी सरळ जाते. पण काठापाशी ते खड्डे अजून तसेच आहेत. ते बुजवायला कुणी आलेलं नाही. त्यांच्याभोवती कपिलने आणि पियुषने बांबू रोवून लाल चिंध्या बांधल्या आहेत, तेवढंच. मोठी माणसं म्हणतात, आता बोट आहे ना! हे ऐकलं की माझी मोटार बंद असतानाही तापते. मी आहे म्हणून खड्डे ठेवायचे काय? मी हातभर लाकूड आहे. बॅटरी संपली तर मी तरंगणारी चप्पल आहे.

मित्रांनो, तुमच्या गावातही माझ्यासारख्या वस्तू असतील. वेळेला उपयोगी पडाव्यात म्हणून ठेवलेल्या आणि म्हणूनच कुणी हात न लावलेल्या. विहिरीवरचा दोर, शाळेतली औषधाची पेटी, आग विझवायची वाळूची बादली. त्यांच्यासमोर हात जोडू नका. हात लावून पाहा. दोर ओढून पाहा, कुजला असेल. पेटी उघडून पाहा, रिकामी असेल. कुणी म्हणालं, 'शोभेला आहे, राहू दे,' तर त्याच्यावर रागवा. माझ्याकडून थोडा राग न्या, मजजवळ पुष्कळ आहे.

उद्या पुन्हा दसरा आहे. पायल आणि देवराव नागपूरला निघाले आहेत. आज सकाळी बेबीताईने मला धुतलं, पुसलं. कपिलने मला पाण्यात सोडलं, पलीकडच्या बांबूपर्यंत एका रेघेत नेलं आणि परत आणलं. मग तिने माझ्या झाकणावर, जिथे पाणी लागत नाही तिथे, कुंकवाचा एकच ठिपका लावला. चालेल. तेवढं मी सोसते.

दुपारी मारोतराव झेंडूचा मोठा हार घेऊन आले. बेबीताई बाजेवर माझ्याशेजारी इळा घेऊन बसली होती.

"दूर व्हा," ती म्हणाली. "धार वाळून राह्यली तिची."

धार वाळत नसते, हे तिलाही माहीत आहे. पण मारोतराव हार घेऊन परत गेले.